क्रूझवरचं जेवण आणि त्यामागचं सगळं

क्रूझवरून आल्यापासून भेटेल तो पहिला प्रश्न हाच विचारतोय की जेवण कसं होतं, आणि मी सांगायला लागले की मला थांबताच येत नाही, कारण छान होतं एवढं म्हणून विषय संपवला तर त्या जहाजावर रोज संध्याकाळी जे चालायचं त्यातलं काहीच सांगितल्यासारखं होत नाही. म्हणून एकदाच नीट लिहून काढते. आई आणि मी, दोघीच गेलो होतो. भूमध्य समुद्रात. बार्सिलोनाला चढलो, मग मार्सेय, रोमजवळचं बंदर चिवितावेक्किया, नेपल्स, मेसिनाच्या सामुद्रधुनीतून पलीकडे सँटोरिनी आणि शेवटी अथेन्सचं बंदर पिरेयस. आईचे गुडघे दुखतात, रोज हॉटेल बदलणं, बॅगा भरणं उपसणं तिला झेपत नाही, आणि क्रूझवर बॅग एकदाच उघडायची, बाकी प्रवास जहाज करतं, म्हणून हे ठरवलं. दुसरं म्हणजे तिला शेलफिशची ॲलर्जी आहे, कोळंबी, खेकडा, शिंपले काहीच चालत नाही आणि ॲलर्जी चांगलीच जोरात आहे, त्यामुळे बाहेर जेवायचं म्हटलं की आमच्या दोघींच्या पोटात गोळा येतो. हे आधीच सांगितलं कारण पुढचं बरंचसं त्यावरच आहे.

लक्झरी क्रूझ म्हटलं की लोकांना वाटतं प्रचंड मोठं जहाज, वर वॉटरपार्क, आत मॉल. ते वेगळं. २०२४ मध्ये आलेलं आयकॉन ऑफ द सीज जवळपास अडीच लाख ग्रॉस टनेजचं आहे आणि सात हजारांवर प्रवासी घेऊ शकतं. लक्झरीतली बरीच जहाजं त्याच्या पाव आकाराचीही नसतात, प्रवासी पाचशे ते हजार, बस. ग्रॉस टनेज हे वजन नाही बरं का, आतल्या जागेचं माप आहे, त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की एकेकाच्या वाट्याला किती जागा येते त्याचा अंदाज येतो. गर्दीच्या जहाजांवर हा आकडा ४० च्या आसपास असतो, लक्झरीत ६० च्या पुढे जातो. आणि याहून महत्त्वाचा आकडा क्रूचा, मोठ्या जहाजांवर साधारण अडीच-तीन प्रवाशांमागे एक कर्मचारी असतो, इथे दीड प्रवाशामागे एक. ब्रोशरमध्ये संगमरवर आणि झुंबरं दाखवतात पण माझ्या मते सगळा फरक या शेवटच्या आकड्यात आहे. कसा ते सांगते.

त्याआधी मस्टर ड्रिलबद्दल, म्हणजे संकटात काय करायचं त्याच्या सरावाबद्दल, दोन शब्द, कारण चढल्याचढल्या लोक बारकडे पळतात आणि ड्रिल म्हणजे कटकट समजतात आणि मला ते अजिबात आवडलं नाही. सात लहान भोंगे आणि एक लांब, हा इशारा, तो ऐकला की आपल्या मस्टर स्टेशनला, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी, जायचं. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाल्यावर १९१४ मध्ये समुद्री सुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, सोलास, त्यातून हे सगळे नियम वाढत आले. पूर्वी जहाज सुटल्यावर २४ तासांत ड्रिल घेतली तरी चालायची. मग १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या जिग्लिओ बेटाजवळ खडकाला घासली, ३२ माणसं गेली, आणि त्याच संध्याकाळी चढलेल्या लोकांची ड्रिल झालेलीच नव्हती. आता ड्रिल झाल्याशिवाय, किंवा फार तर सुटल्यासुटल्या लगेच घेतल्याशिवाय, जहाज पुढे जात नाही. ती बोट ज्या चिवितावेक्कियाहून निघाली होती तिथेच आम्हीही थांबणार होतो, त्यामुळे मी तरी कान देऊन ऐकलं. आईने लाइफ जॅकेट स्वतः घालून बघितलं आणि पट्टा कसा ओढायचा ते त्या क्रूच्या मुलीकडून दोनदा समजून घेतलं.

केबिनचं फार सांगत नाही. बाल्कनी होती, पलंग उत्तम होता, बाथरूममध्ये टब होता. एवढंच सांगते की केबिन निवडताना वरचा डेक म्हणजे चांगला असं समजू नका. जहाज हलतं तेव्हा सगळ्यात कमी मध्यभागी आणि खालच्या बाजूला जाणवतं, ज्यांना मळमळतं त्यांनी तिथेच घ्यावी. आम्ही तशीच घेतली होती.

आता डायनिंग रूम.

मोठ्या जहाजांवर बहुतेक दोन पंगती असतात, एक सहाच्या सुमाराला आणि एक आठनंतर, टेबल ठरलेलं, वेटर ठरलेला. लक्झरी जहाजांवर ओपन सीटिंग, म्हणजे पाहिजे तेव्हा या, पाहिजे तिथे बसा. ऐकायला हे जास्त चांगलं वाटतं पण त्यात एक गोष्ट हरवते, रोज वेगळा वेटर येतो आणि रोज पहिल्यापासून सुरुवात. आई म्हणाली, "मला रोज नव्या माणसाला ॲलर्जी समजावून सांगायची नाहीये, त्यांना विचार ना रोज इथेच बसवाल का." मी दारातल्या मेत्र-दला, म्हणजे डायनिंग रूमच्या प्रमुखाला, विचारलं आणि तो इतका खूश झाला की जणू आम्हीच त्याच्यावर उपकार केले. त्या दिवसापासून खिडकीजवळचं दोघींचं टेबल, तोच वेटर, तीच असिस्टंट वेटर. कोणी मला एकच सल्ला विचारला तर मी हाच देईन, ओपन सीटिंग असली तरी आपणहून सांगून एकाच वेटरच्या सेक्शनमध्ये बसा.

कारण पहिल्या रात्री आम्ही पाहुण्या होतो आणि तिसऱ्या रात्रीपर्यंत त्यांना आमच्याबद्दल सगळं माहीत होतं. आई सूप अगदी कडकडीत गरम पिते, तिला थंड पाणी चालत नाही, ती ब्रेडचा कडेचा भाग आधी खाते, मला डेझर्टबरोबर नाही, डेझर्टनंतर कॉफी लागते. यातलं काहीही आम्ही सांगितलं नव्हतं. मी शेवटी त्या वेटरला विचारलंच की तुम्ही लिहून ठेवता का. तो म्हणाला, लिहितो, छोटी वही आहे, पण पहिल्या रात्री पाहुण्यांनी काय मागवलं त्याकडे मी फार बघत नाही, प्लेटमध्ये काय उरलं ते बघतो. मला हे इतकं पटलं! मागवताना माणूस मेनूकडे बघून मागवतो, काहीतरी भारी नाव दिसलं म्हणून मागवतो, खरी आवड उरलेल्या प्लेटमध्ये दिसते.

आणि ॲलर्जीचं तर विचारूच नका. रोज रात्री जेवण संपत आलं की हेड वेटर स्वतः दुसऱ्या दिवसाचा डिनर मेनू घेऊन आईजवळ यायचा, दोघं मिळून एकेक पदार्थ बघायचे, या सॉसमध्ये कोळंबीचा स्टॉक आहे, तो तुमच्यासाठी भाज्यांच्या स्टॉकमध्ये करू, या सूपला हात लावू नका, हा मासा चालेल पण त्याबरोबर येणारं बटर बदलू. आईची ऑर्डर चोवीस तास आधी गॅलीत जायची. दुसऱ्या दिवशी तिची प्लेट वेगळी खूण लावून यायची आणि बऱ्याचदा हेड वेटरच्याच हातून यायची. ॲलर्जी असलेल्यांना पुढच्या दिवसाचा मेनू आधी दाखवणं ही बऱ्याच चांगल्या क्रूझवर पद्धतच आहे, फक्त बुकिंग करतानाच कळवायचं आणि चढल्यावर पुन्हा एकदा तोंडी सांगायचं. पण पद्धत असणं वेगळं आणि ती रोज हसत पाळणं वेगळं. आई इतकी वर्षं बाहेर जेवताना घास तोंडात घालण्याआधी चमच्याने उकरून बघते, ते तिने इथे चौथ्या-पाचव्या दिवशी बंद केलं. मला त्या सगळ्या प्रवासात याहून मोठं काही मिळालं नाही, खरंच.

पदार्थांचं सांगायचं तर स्टार्टर, सूप, सॅलड, मेन कोर्स, चीज, डेझर्ट असा क्रम, आणि पोर्शन लहान ठेवतात हे फार शहाणपणाचं, सहा गोष्टी खाऊनही उठताना जड वाटत नाही. मेनूच्या एका बाजूला रोज बदलणारे पदार्थ आणि दुसऱ्या बाजूला कायमचे, ग्रिल्ड सॅमन, चिकन, स्टेक, सीझर सॅलड वगैरे. मी कायमच्या बाजूकडे गेलेच नाही. ज्या दिवशी मार्सेयला थांबलो त्या रात्री तिथला बुयाबेस, म्हणजे माशांचं दाट केशरी सूप, वेगवेगळे मासे आणि वर रुई नावाचा लसणाचा सॉस लावलेला टोस्ट, नेपल्सच्या रात्री टोमॅटो आणि बेसिल घातलेला अगदी साधा पास्ता. तो पास्ता माझ्या सगळ्यात जास्त लक्षात राहिलाय, त्यात लपवायला काही नव्हतं, टोमॅटो चांगला म्हणून पास्ता चांगला. गडद कपडे घालून गेलं की मांडीवरचा पांढरा नॅपकिन उचलून काळा देतात, पांढऱ्याचे तंतू कपड्यांना लागू नयेत म्हणून. कोणी बघत नाही अशा गोष्टी आहेत या. पण कोणीतरी बघतं.

स्पेशॅलिटी रेस्टॉरंटमध्ये आम्ही एकदा गेलो. टेस्टिंग मेनू, नऊ-दहा कोर्स, तीन तास, प्रत्येक प्लेटवर फेस नाहीतर पावडर, आणि दर वाइनबरोबर लांबलचक माहिती. स्वयंपाक करणाऱ्यांचं कौशल्य मोठं आहे, नाकारत नाही, पण दोन तासांनंतर आई दमली आणि पुन्हा जावंसं वाटलं नाही. जहाजावरचं असं वेगळं रेस्टॉरंट ही काही नवी गोष्ट नाही म्हणा, १९०५ मध्ये हॅम्बुर्ग-अमेरिका लाइन या जर्मन कंपनीच्या अमेरिका नावाच्या जहाजावर रिट्झच्या नावाने अ-ला-कार्ट रेस्टॉरंट सुरू झालं होतं, तिथे पाहिजे तो पदार्थ पाहिजे त्या वेळी मागवता यायचा. तेव्हा खालच्या डेकवर दाटीवाटीने चाललेली माणसं काय खात असतील हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही. फक्त फिरण्यासाठी म्हणून बांधलेलं पहिलं जहाजही त्याच कंपनीचं, प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुइस, १९०० सालचं. त्याआधी १८९१ मध्ये त्यांनी हिवाळ्यात रिकामं पडून राहणारं एक जहाज भूमध्य समुद्रात फिरायला पाठवलं होतं, म्हणजे आमचाच रस्ता.

बुफे सकाळी उत्तम, रात्री कंटाळवाणा. सकाळी मात्र मागच्या बाजूच्या उघड्या डेकवर बसायचं, जहाजामागे पाण्यात जो पांढरा पट्टा उमटत जातो तो बघत खायचं. बुफेच्या दारातच हात धुवायची बेसिनं असतात आणि एक माणूस उभा राहून सगळ्यांना हात धुवा म्हणून आठवण करत असतो. काही लोक जेल लावून पुढे सटकतात, तसं करू नका, जहाजावर जी उलट्या-जुलाबांची साथ पसरते ती नोरोव्हायरसची, आणि त्यावर जेलपेक्षा साबण आणि पाणीच जास्त कामाचं. एवढ्या लोकांचं एकच स्वयंपाकघर असताना ही सगळ्यांची जबाबदारी आहे.

आता गॅली. जहाजावरच्या स्वयंपाकघराला गॅली म्हणतात. एका दुपारी सू शेफने, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालच्या शेफने, काही जणांना आत फिरवलं आणि मी पहिल्या मिनिटाला नाव नोंदवलं होतं. पहिली गोष्ट, कुठेही गॅसची ज्योत नाही. समुद्रावर आगीइतकी भीती कशाचीच नसते, त्यामुळे सगळं विजेवर. शेगड्यांच्या कडेने स्टीलचे कठडे, जहाज कललं तर भांडी घसरू नयेत म्हणून. कच्च्या मांसाचा, माशांचा, भाज्यांचा कटिंग बोर्ड वेगवेगळ्या रंगाचा. गरम पदार्थांची बाजू वेगळी, थंड पदार्थांची वेगळी, पेस्ट्री वेगळी. भिंतीवर त्या रात्रीच्या प्रत्येक पदार्थाचा तयार प्लेटचा फोटो लावलेला, जेणेकरून कुठल्याही कुकने वाढलं तरी प्लेट तशीच दिसावी. आणि एका कोपऱ्यात आईची ऑर्डर, आमच्या टेबलचा नंबर आणि लाल अक्षरात ॲलर्जी. आई तिथे बराच वेळ उभी राहिली.

मी विचारलं की आज किती लोक मासा खाणार आणि किती मांस हे तुम्हाला आधी कसं कळतं, आपण मागवतो तर ऐन वेळी. सू शेफ म्हणाले सगळा अंदाज. प्रवासी कुठल्या देशांचे, वय काय, हवा कशी, दिवस बंदरातला की समुद्रातला. बंदराच्या दिवशी दुपारी कोणी नसतं आणि रात्री सगळे भुकेले आणि लवकर येतात. समुद्राच्या दिवशी दुपारचा चहा फुल. हवा खराब असेल तर सूप, साधा भात, ब्रेड जास्त करायचं. भाज्यांची पण शिस्त, पालेभाज्या आणि बेरी आधी संपवायच्या, कोबी, गाजर, बीट शेवटच्या दिवसांसाठी. केळी मुद्दाम वेगवेगळ्या टप्प्यावरची घेतात, थोडी पिवळी, थोडी हिरवी, म्हणजे रोज पिकलेली मिळतात. प्रवासी बदलण्याच्या दिवशी सकाळी एक बाजूने बॅगा उतरत असतात आणि दुसऱ्या बाजूने पुढच्या फेरीचं सामान चढत असतं, त्या काही तासांत जे चढायचं राहिलं ते मधे कुठल्या बाजारात जाऊन आणता येत नाही. पाणी मात्र जहाजच करतं, समुद्राच्या पाण्याची वाफ करून, त्यासाठी इंजिनची वाया जाणारी उष्णता वापरतात, आणि रिव्हर्स ऑस्मॉसिसनेही. म्हणजे आपण चहा पितो तो कालचा समुद्र असतो, आईला हे फार आवडलं.

बेकरीचा माणूस तेवढा भेटला नाही. तो झोपलेला होता, कारण त्याचं काम रात्री, सगळे झोपले की पाव सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. आईने त्याच्यासाठी निरोप ठेवला की कडेचा भाग फार सुरेख असतो.

उरलेल्या अन्नाचं काय करता हेही विचारलं. थेट समुद्रात टाकायचं नाही, मारपोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे त्यात नियम आहेत, आणि भूमध्य समुद्र त्यात विशेष जपायच्या भागांपैकी, इथे अन्न बारीक दळून २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल एवढं करायचं आणि तेही किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे, आणि प्लास्टिक तर कुठेच कधीच नाही. ते ऐकल्यापासून मी बुफेत एकही गोष्ट उगाच प्लेटमध्ये घेतली नाही. जहाजावर सगळं फुकट आहे असं वाटत राहतं, आणि शेजारच्या टेबलावर पाच-पाच प्लेट अर्धवट टाकून उठणारे लोक बघून मला खरंच राग यायचा. डेकवरच्या खुर्च्यांवर पहाटे टॉवेल टाकून दुपारपर्यंत गायब होणारे लोकही त्याच जातीचे.

एक रात्र मात्र वेगळी होती. बार्सिलोनाहून मार्सेयला जाताना मधे लायनचं आखात लागतं आणि तिथे मिस्ट्राल नावाचा वारा सुटतो, ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून खाली येणारा, थंड आणि जोरदार. कॅप्टनने दुपारीच सांगितलं होतं. संध्याकाळी रिसेप्शनवर हिरवी सफरचंदं, आल्याच्या वड्या आणि कोरडी बिस्किटं ठेवली, मळमळ होते त्यांच्यासाठी. जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, स्टॅबिलायझर, ते डावी-उजवी कलणं कमी करतात, पण समोरून येणाऱ्या लाटेवर जहाज जे वर-खाली होतं त्यावर त्यांचा फार उपयोग नाही. डायनिंग रूम अर्धी रिकामी. आमच्या वेटरने टेबलक्लॉथवर थोडं पाणी शिंपडलं, ओल्या कापडावर प्लेट सरकत नाही, ही जुनी युक्ती आहे म्हणाला, उंच ग्लास उचलून नेले, आणि तो स्वतः दोन्ही हातांत प्लेट घेऊन त्या कललेल्या जमिनीवरून असा चालत येत होता की त्याला जमीन कधी कुठे वर येणार हे आधीच माहीत असावं. आई पूर्ण जेवली. मी सूपवर थांबले.

समुद्राचे दिवस मला बंदरांपेक्षा जास्त आवडले. नेपल्स ते सँटोरिनीच्या मधला दिवस असा होता. दुपारी बारा वाजता कॅप्टनची घोषणा, आपण कुठे आहोत, वेग किती नॉट, वारा कुठून, खाली पाणी किती खोल. आयोनियन समुद्रात होतो तेव्हा ते म्हणाले खाली तीन हजार मीटरहून जास्त पाणी आहे, आणि भूमध्य समुद्रातली सगळ्यात खोल जागा याच समुद्रात, पाच हजार मीटरपेक्षा खोल. सगळे एक क्षण खाली बघायला लागले, दिसत तर काही नाही. मग कोणी वाचतं, कोणी पत्ते, कोणी नुसतं रेलिंगला टेकून. घड्याळ एक तास पुढे करायची चिठ्ठी केबिनमध्ये येते. आई शेजारच्या एका आजींबरोबर दोन तास विणत बसली होती, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

आणि त्याच्या आदल्या रात्री स्ट्रॉम्बोली. नेपल्स सोडलं की मेसिनाच्या सामुद्रधुनीआधी हा ज्वालामुखी समुद्रातून वर आलेला दिसतो, दोन हजारांहून जास्त वर्षं तो जवळपास सतत धुमसतोय, पूर्वीपासून खलाशी त्याला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हणतात. आम्ही जेवत होतो, मुख्य कोर्स झाला होता, दोघींनी सूफ्ले मागवला होता. घोषणा झाली की थोड्या वेळात डाव्या बाजूला दिसेल. आता सूफ्ले ही अशी गोष्ट आहे की ओव्हनमधून निघाला की दोन-तीन मिनिटांत बसतो, थांबत नाही कोणासाठी. मी आईला म्हटलं जाऊ दे, आपण नंतर जाऊ. वेटर तिथेच उभा होता, म्हणाला तुम्ही जा, मी अजून ओव्हनमध्ये घालायला सांगितलेलं नाही, तुम्ही दारातून आत येताना दिसलात की सांगतो. डेकवरचे दिवे कमी केले होते. काळोखात तो डोंगराचा त्रिकोण, आणि थोड्या-थोड्या वेळाने माथ्यावर लाल उजेड उसळायचा आणि विझायचा. आवाज काहीच नाही, अंतर बरंच होतं. आम्ही चांगला अर्धा-पाऊण तास उभ्या होतो. परत आलो तर टेबल नव्याने लावलेलं, आईची शाल खुर्चीवर घडी करून ठेवलेली, आणि बसल्यानंतर थोड्याच वेळात दोन सूफ्ले, टम्म फुगलेले. मी त्याला म्हटलं तुम्ही बघितला का ज्वालामुखी. तो म्हणाला माझ्या सेक्शनमध्ये अजून तीन टेबलं होती.

ते उत्तर ऐकून मला वाईट वाटलं, आणि तेव्हापासून मी क्रूकडे जास्त लक्ष देऊन बघायला लागले. सहा-आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, रोज काम, सुट्टीचा असा पूर्ण दिवस नाही. २००६ चा सागरी कामगारांचा करार आहे, त्यात दिवसाला किमान १० तास आणि आठवड्याला किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे असा नियम आहे. उलटं करून बघा, म्हणजे आठवड्याला ९१ तासांपर्यंत काम कायद्यात बसतं. खाली पाण्याच्या पातळीजवळ त्यांच्या केबिन, त्यांचं वेगळं जेवणघर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा लांब पॅसेज, तिथून सगळं सामान आणि सगळी माणसं ये-जा करतात आणि वर आपल्याला फक्त हसरे चेहरे दिसतात. जहाजावर झेंडा बहामा, माल्टा, पनामा अशा देशांचा असतो, जहाज खऱ्या अर्थाने कुठलंही असो, आणि तिथल्या कायद्याने चालतं. मी सुरुवातीला जो आकडा सांगितला ना, दीड प्रवाशामागे एक कर्मचारी, तो याच्यासाठी महत्त्वाचा. एका वेटरकडे टेबलं कमी असली की त्याला प्लेटमध्ये काय उरलं ते बघायला वेळ मिळतो. आपण पैसे भरतो ते त्या वेळेचे. तो वेळ कोणाच्या तरी झोपेतून येऊ नये एवढंच मला वाटतं, म्हणून पुढच्या वेळी जहाज निवडताना मी क्रूचा आकडा आणि त्यांच्याबद्दल लोक काय लिहितात ते आधी बघणार, झुंबरं नंतर.

बंदरांचं थोडक्यात. चिवितावेक्कियाहून रोम जवळजवळ ८० किलोमीटर, जाऊन-येऊन दिवस संपतो, बरेच जण धावतपळत जातात आणि संध्याकाळी गळून परत येतात, गँगवेवर, म्हणजे जहाजात चढायच्या शिडीवर, त्यांना थंड टॉवेल देतात. आम्ही गेलोच नाही. रिकाम्या जहाजावर राहिलो, आणि रिकाम्या जहाजासारखं सुख नाही, लायब्ररी आपली, पूल आपला, दुपारी डायनिंग रूममध्ये चार टेबलं. आईला रोम बघायचं नव्हतं का असं मला सगळे विचारतात. तिला नव्हतं. सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही, कॅल्डेऱ्यातच, म्हणजे ज्वालामुखीच्या बुडालेल्या तोंडातच, थांबतं, लहान बोटींनी जुन्या बंदरावर नेतात आणि तिथून वरच्या फिरा या गावाला जायला केबल कार. रांग प्रचंड असते, गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळी लवकर जावं नाहीतर जहाजाच्या डेकवरून बघावं, तिथूनही कडा आणि वरची पांढरी घरं सुंदर दिसतात. पायऱ्यांवरून गाढवांवर बसून जाऊ नका, त्या जनावरांचे हाल बघवत नाहीत.

शेवटच्या रात्री बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या, सकाळी लागणारे कपडे तेवढे जवळ ठेवायचे, लोक विसरतात. त्या रात्री डायनिंग रूममध्ये बेक्ड अलास्काची मिरवणूक, दिवे मालवून सगळे वेटर ओळीने तो अंड्याच्या पांढऱ्याच्या फेसाने झाकलेला आइस्क्रीमचा केक घेऊन फिरतात, पूर्वी त्यावर खरी ज्योत असायची, आता आगीच्या भीतीने बॅटरीचे दिवे. मग स्वयंपाकघरातले लोकही बाहेर येतात, पांढऱ्या टोप्या घालून, आणि सगळे उभं राहून टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या, हात दुखेपर्यंत.

आणि केबिनमध्ये एक फॉर्म असतो, अभिप्रायाचा. तो टाकून देऊ नका प्लीज. हेड वेटरने मला सांगितलं की त्यात आलेली नावं खरंच वरपर्यंत जातात, पुढच्या कॉन्ट्रॅक्टच्या वेळी आणि बढतीच्या वेळी बघतात, सगळं छान होतं असं मोघम लिहिण्यापेक्षा नाव आणि त्या माणसाने काय केलं हे लिहिलेलं जास्त उपयोगी. आईने चष्मा लावून टेबलाशी बसून तो भरला, वेटर, असिस्टंट वेटर, हेड वेटर, केबिन आवरणारी मुलगी, ड्रिलला पट्टा शिकवणारी मुलगी, जागा संपली म्हणून मागच्या कोऱ्या पानावर. पाव करणाऱ्या माणसाचं नाव आम्हाला माहीत नव्हतं, तर तिने रात्री साडेदहाला रिसेप्शनला फोन करून ते विचारून घेतलं, स्पेलिंगसकट.